गावाची स्मृतिबाग: गेलेल्या माणसाच्या नावाने त्याच्याच दारचा रायवळ कसा लावावा

कोकणात माणूस गेला की सरणासाठी आंबा तोडायची रीत जुनी आहे. तोडला जातो तो रायवळ. हापूसच्या कलमाला त्यासाठी कोणी हात लावत नाही. पेटीसाठी लाकडी खोकी लागू लागली तेव्हाही फळ्या रायवळाच्याच निघाल्या. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, डोंगरउतार हापूसच्या कलमांनी भरले, आणि त्या कलमांना जागा करून देताना बांधावरचे, परड्यातले, पाणंदीच्या कडेचे जुने आंबे गेले. त्या योजनेने पुष्कळ घरांत पैसा आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या हापूसने हा पैसा दिला, त्याचं प्रत्येक कलम रायवळाच्याच कोयीवर उभं आहे, हे विसरून चालणार नाही.

रायवळ म्हणजे कोयीपासून उगवलेला आंबा. हापूसची लाखो झाडं असली तरी जात एकच. रायवळाचं तसं नाही. आपल्याकडच्या बहुतेक रायवळांच्या कोयीतून आईसारखं झाड येत नाही, त्यामुळे प्रत्येक झाड ही स्वतंत्र जात असते. शेपूच्या वासाचा शेपू, खोबऱ्यासारखा लागणारा खोबऱ्या, साखऱ्या, गोटी, शेंदऱ्या, इवलीशी बिटकी ही नावं गावोगाव ऐकू येतात, पण या गावचा शेपू आणि त्या गावचा शेपू एक नसतो. झाड पडलं की ती चव जगातून गेली. कोय लावून ती परत येत नाही, कलम केलं तरच राहते.

गेलेल्या माणसाच्या नावाने झाड लावायची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातल्या रानमळा गावाने जन्म, लग्न आणि मृत्यू अशा प्रसंगी घरटी फळझाड द्यायला सुरुवात केली. मृत्यूनंतर लावायच्या झाडाला तिथे स्मृतिवृक्ष म्हणतात. पुढे शासनानेही हा रानमळा पॅटर्न राज्यात इतरत्र नेला. ही पद्धत मला मनापासून आवडते. तिच्यात मी एकच भर घालायला सांगतो: रोपवाटिकेतून केसर किंवा हापूस आणून नाव देण्याऐवजी, ज्याच्या नावाने झाड लावायचं त्याच्याच आवारातल्या झाडाची कलमासाठी काडी घ्या. सासूबाईंनी ज्या आंब्याचं साठ (आंबापोळी) घातलं, आजोबांनी ज्याच्या फांदीला झोपाळा बांधला, त्याच झाडाचं कलम बागेत उभं राहिलं तर माणूसही राहतो आणि जातही. खाली जे सांगितलंय ते कोकणाला धरून आहे. देशावरची आमराई वाचवायची असेल तर पावसाचे आणि पालवीचे महिने तुमच्या गावाप्रमाणे मागेपुढे करा.

आधी जागेचा कागद

जागा शोधण्यापेक्षा जागेचा कागद नीट करणं कोकणात अवघड. सातबारावर सामायिक वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन-चार हयात नसलेली. एका भावाने उत्साहाने "घ्या माझी जागा" म्हटलं तरी ती एकट्याची नसते. आंबा पन्नास-शंभर वर्षं उभा राहायचा आहे, तोंडी शब्दावर त्याला उभं करू नका.

तीन वाटा बऱ्या चालतात. पहिली, ग्रामपंचायतीच्या ताब्यातली जमीन: ग्रामसभेत ठराव मांडा, त्यात गट नंबर, क्षेत्र, कशासाठी आणि देखभाल कोणाकडे हे स्पष्ट लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल स्वतःजवळ ठेवा. दुसरी, देवस्थानची किंवा शाळेची जागा. इथे विश्वस्तांची किंवा संस्थेची लेखी संमती हवी. तिसरी, खाजगी जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने. एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदणीकृतच करावा लागतो, तो टाळू नका. पैशांचा व्यवहार होणार असेल तर सार्वजनिक न्यास किंवा संस्था नोंदवून घ्या, म्हणजे बँकेत खातं बागेच्या नावाने राहतं, कोणा एकाच्या नावाने नाही.

जागा बघताना माती किती खोल आहे ते पहारीने तपासा. वरून हिरवागार दिसणारा सडा (कातळाचा माळ) पुष्कळदा फूटभर मातीखाली सलग जांभा असतो. उताराची, निचरा होणारी, उन्हाळ्यात पाणी पोचवता येईल अशी जागा निवडा. पाणी कुठून आणणार याचं उत्तर एप्रिल महिन्यातल्या विहिरीकडे बघून द्या, ऑगस्टमधल्या पऱ्ह्याकडे (ओढ्याकडे) बघून नव्हे.

एकरी किती झाडं? दोन झाडांत आणि दोन ओळींत दहा-दहा मीटर धरलं तर साधारण 40. रायवळ पसरतो आणि उंच जातो, त्याला याहून दाटीत बसवू नका. दहा गुंठ्यांत दहा झाडं झाली तरी ती बागच आहे.

मे महिन्यात झाडं शोधा

शोध फळाच्याच दिवसांत घ्यायचा. मे महिन्यात आंबा पिकलेला असतो, चाकरमानी गावात असतात, आणि जुनी माणसं ओटीवर बसून बोलायला मोकळी असतात. तिन्ही गोष्टी एकत्र जुळण्याचा दुसरा महिना नाही.

कोणाला विचारायचं हे महत्त्वाचं. जमीनमालकाला झाडांची संख्या माहीत असते, चव माहीत असते ती गुरं राखणाऱ्याला, आंबे उतरवणाऱ्या गड्याला आणि घरातल्या आजीला. आजीला "तुमच्याकडे कोणत्या जातीचे आंबे आहेत?" असं विचारलंत तर "रायवळ, आणि काय" एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, "आजी, लोणच्याला कैरी कुठल्या झाडाची घेता? साठाला कुठली? कोयाडं कशाचं करता?" (कोयाडं म्हणजे पिकल्या रायवळांचं आंबट-गोड कालवण.) मग एकेक झाड समोर येतं. "ह्यो शेपू आंबो. मामंजींनी लायलेलो," असं एखादी म्हणते आणि त्या एका वाक्यात झाडाचं नाव, वय आणि माणूस तिन्ही मिळून जातं. मोबाईलवर तिचा आवाज नोंदवून ठेवा, तिला विचारून. पुढे कधीतरी नातवंडं तो आवाज मागायला येतील.

प्रत्येक झाडाची नोंद करताना हे लिहा: घर आणि वाडी, मोबाईलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, गावातलं नाव, कोणी लावलं किंवा जपलं, खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, मोहोर कधी येतो, फळ कधी तयार होतं, दरवर्षी धरतो की वर्षाआड. मग फळ. चांगली तयार झालेली दहा फळं झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवून घ्या (पडीचं फळ नको), भाताच्या पेंढ्यात आढी घाला, पिकल्यावर एकेक तोला. सालीचा रंग, जाडी, देठाजवळचा आकार, चोच आहे का, गराचा रंग, रेषा किती, रस पातळ की दाट, कोय केवढी, पिकल्यावर किती दिवस टिकतो. फोटो काढताना फळाशेजारी पट्टी ठेवा: एक अख्ख्या फळाचा, एक उभ्या कापाचा, एक कोयीचा. नंतर चव. चवीसाठी आकडे शोधत बसू नका, घरच्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. "आधी गोड, मागून आंबट, कातड्याशी चीक लागतो" ही नोंद कोणत्याही तक्त्यापेक्षा नेमकी आहे.

आणि उपयोग विसरू नका. जो आंबा कापून खायला रेषाळ, तो रसाला आणि साठाला उत्तम असू शकतो. जो पिकल्यावर पाणचट, त्याची कैरी वर्षभर लोणच्यात करकरीत राहते. फक्त गोड आंबेच निवडले तर बाग हापूसच्या मापाने मोजल्यासारखी होईल आणि आंबोशीचे (वाळवलेल्या कैरीच्या फोडींचे), पन्ह्याचे, सासवाचे (मोहरी लावलेल्या कालवणाचे) आंबे बाहेर राहतील.

निवडलेल्या झाडावर रंगाने नंबर टाका. बांडगूळ असेल तर त्याच वेळी फांदी थोडी आतून कापून काढा, कारण जुन्या रायवळांना कुऱ्हाडीखालोखाल बांडगूळच संपवतं. मालकाला एक गोष्ट शांतपणे सांगून ठेवा: आंबा, फणस, जांभूळ ही झाडं वृक्षतोड नियमनाच्या 1964 च्या कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. धाक म्हणून सांगू नका. तोडायचीच वेळ आली तर आधी आम्हाला कळवा, आम्ही काड्या घेऊन जाऊ, एवढीच विनंती करा.

काडी

काडी हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. तिच्यात चूक झाली तर बाग हिरवीगार दिसेल आणि नाव भलत्याच झाडाला लागेल.

काडी फळ देणाऱ्या फांदीची, तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीच्या जाडीची, साधारण 10 ते 15 सेंटिमीटर लांब आणि शेंड्याचा डोळा फुगीर पण न फुटलेला अशी हवी. कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी झाडावर असतानाच तिची पानं कातरून टाका, देठाचे बुडखे ठेवा. ते आपोआप गळतात आणि डोळा भरतो. कापल्यावर ओल्या फडक्यात किंवा केळीच्या सोपटात गुंडाळून वर प्लॅस्टिक लावा आणि झाडाचा नंबर त्याच क्षणी बांधा. त्याच दिवशी कलम झालं तर उत्तम, फार तर दोन-तीन दिवस.

खूप जुन्या झाडाला अशी काडी मिळतच नाही. सत्तर-ऐंशी वर्षांच्या आंब्याच्या शेंड्याला पालवी तोकडी, काड्या बारीक. अशा झाडाची फळं उतरल्यावर एखाद-दुसरी उन्हातली फांदी छाटून ठेवा. तिथून जोमदार फुटवे येतात आणि पुढच्या हंगामात काडी मिळते. दरम्यान कोयींची रोपं पिशवीत वाढू द्या, त्यांच्यावर नंतर मृदुकाष्ठ कलम (वाढलेल्या रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर बांधायचं कलम) करता येतं. झाड आज-उद्या पडेल असं असेल तर मात्र थांबू नका, जी मिळेल ती काडी घ्या आणि जास्त कलमं बांधा.

पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावर कोणालाही चढवू नका, कितीही सराईत असला तरी. लांब बांबूला आकडी बांधून फांदी खाली ओढता येते. उघडीप मिळाली की दोर लावून, दोन माणसं खाली ठेवून मगच वर.

कोय कलम

कोकणात हे कलम जुलै-ऑगस्टमध्ये उत्तम साधतं, कारण हवेत दमटपणा भरपूर असतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात ही पद्धत डोळ्यांनी बघता येते. एकदा बघून या, वाचून हात बसत नाही.

कोयी ताज्या हव्यात. महिनाभर पडून राहिलेल्या कोयी उगवत नाहीत. धुऊन पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका, बुडतील त्या सावलीत सुकवून गादीवाफ्यावर पेरा. उगवून दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस पानांचं कोवळं रोप कलमाला योग्य. पानं हिरवी होऊन खोड कडक झालं की वेळ गेली.

रोप कोयीसकट अलगद उपटा. कोय सुटली तर ते रोप बाजूला ठेवा, कारण सुरुवातीचं अन्न तिच्यातच असतं. मुळं धुवा, बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून घ्या. कोयीपासून सात-आठ सेंटिमीटरवर शेंडा आडवा छाटा आणि धारदार चाकूने मधोमध तीन-चार सेंटिमीटर उभी चीर द्या. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचा तिरका काप घेऊन पाचर करा. काप एका ओढीत घ्यायचा, खरवडत बसायचं नाही. खरवडलेल्या कापात हवा राहते आणि सांधा काळा पडतो. पाचर चिरेत बसवताना निदान एका बाजूला सालीला साल भिडली पाहिजे, कारण सांधा सालीखालून जुळतो, लाकडातून नाही. दीड-दोन सेंटिमीटर रुंद प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा, पाणी आत शिरता कामा नये. मग पिशवीत लावा आणि मोठ्या पावसाचा मारा लागणार नाही अशा सावलीत ठेवा.

दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. फुटला म्हणजे जगलाच असं नाही. काडीतल्या साठ्यावरही पालवी येते आणि महिन्याने वाळते. दुसरी पालवी आली की मन निश्चिंत करा. सांधा पक्का झाल्यावर, साधारण दोन-तीन महिन्यांनी, पट्टी सोडा. ती तशीच राहिली तर खोडात रुतते.

एका झाडाची निदान दहा कलमं बांधा. काही मरतील, काही मागेपुढे होतील, आणि शेवटी हातात पाच-सहा तरी हवीत. दोन बागेला, एक घरच्यांना त्यांच्याच आवारात लावायला, एक शेजारच्या गावातल्या कोणाकडे, उरलेली ठेवणीला. वणवा लागला किंवा वीज पडली तर एकाच जागी असलेली जात एका रात्रीत संपते, म्हणून दुसरी जागा हवीच.

स्वतः कलम बांधायला जमत नसेल तर काड्या घेऊन ओळखीच्या रोपवाटिकेत जा, मजुरी द्या आणि कलम बांधताना तिथेच बसा. हजारो हापूसच्या पिशव्यांत तुमच्या दहा पिशव्या मिसळल्या तर त्या परत शोधता येणार नाहीत. प्रत्येक पिशवीवर आणि काडीवर अशा दोन्ही ठिकाणी नंबर बांधा.

फणस, कोकम, जांभूळ

बाग फक्त आंब्याची असावी असं काही नाही. ज्या आजीची ओळख तिच्या फणसाने होती तिथे फणसच हवा. कापा आणि बरका या दोन नावांत कोकणातले सगळे फणस बसवले जातात, पण प्रत्येक झाडाचा गरा वेगळा असतो, तेव्हा इथेही कलमच करा. कोकमाच्या बाबतीत बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही, म्हणून फळ देणाऱ्या मादीचीच काडी घ्या, तीही सरळ वर वाढणाऱ्या फुटव्याची. आडव्या फांदीची काडी घेतली तर झाडही आडवंच पसरतं. जांभळात पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तुमच्या देवराईतल्या टपोऱ्या जांभळालाही कोणी तरी जपायला हवं.

लागवड आणि विधी

खड्डे एप्रिल-मेमध्येच काढा, लांबी-रुंदी-खोली एकेक मीटर, आणि उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन-अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट. कच्चं शेण घालू नका, वाळवीला आमंत्रण मिळतं. दोन-चार चांगले पाऊस झाले, माती बसली, की जूनमध्ये कलम लावा. सांधा जमिनीच्या वर राहिला पाहिजे. काठीचा आधार द्या, बांधताना सुतळी सैल ठेवा.

पुष्कळ घरांना खड्ड्यात रक्षा घालायची इच्छा असते. ती भावना मोठी आहे आणि तिला नाही म्हणू नये, पण प्रमाण सांगावं. रक्षा अल्कधर्मी आणि क्षारयुक्त असते. पाटीभर एकाच खड्ड्यात गेली तर कोवळी मुळं जळतात. मूठभर रक्षा मातीत नीट मिसळून खड्ड्याच्या कडेला घाला, मुळांना थेट लावू नका. बाकीचं विसर्जन घरच्या रीतीने होऊ द्या.

तारीख ठरवतानाही थोडी समजूत लागते. तेराव्याला झाड लावायचा आग्रह धरला आणि माणूस जानेवारीत गेलेला असला तर कलम उन्हाळ्यात मरेल, आणि नावाचं झाड मेलेलं घरच्यांना दुसऱ्यांदा दुःख देतं. तेराव्याला नोंदवहीत नाव लिहा, काडी कुठल्या झाडाची हे घरच्यांकडून ठरवून घ्या, आणि प्रत्यक्ष लागवड पावसात. ज्यांचं वर्षश्राद्ध पावसाळ्यात येतं त्यांना तो दिवस साधता येतो.

नाव आणि नंबर

पाट्यांवरून गावं भांडतात. पहिल्याच बैठकीत नियम करा: सगळ्यांची पाटी एका मापाची, एका अक्षराची. कोणी जास्त देणगी दिली म्हणून मोठी पाटी नाही, आणि पैसे देता आले नाहीत म्हणून कोणाचं झाड नाकारायचं नाही. पाटीवर तीनच गोष्टी: माणसाचं नाव, फळाचं नाव, झाडाचा नंबर. जात, हुद्दा, पदवी नको.

पाटी खोडाला ठोकू नका. झाडाच्या बुंध्याशी जांभ्याचा एक चिरा रोवून त्यावर बसवा. पाट्या चोरीला जातात, गंजतात, म्हणून खरी नोंद वहीत आणि नकाशात: ओळ, क्रमांक, मूळ झाडाचा नंबर, कलमाची तारीख. वहीच्या दोन प्रती, एक गावात आणि एक मुंबईतल्या मंडळाकडे.

पहिली पाच वर्षं

लावणाऱ्यांची गर्दी होते, पाणी घालणारा एक असतो. त्या एकाची मजुरी आधी ठरवा, मग बागेचा शुभारंभ करा. घरटी वर्गणीतला मोठा भाग पाण्याला आणि राखणीला जाईल हे सगळ्यांना सांगून टाका.

भातकापणीनंतर गुरं मोकळी सुटतात, तेव्हा गडगा (दगडांची रचलेली भिंत) किंवा काटेरी कुंपण दिवाळीआधी पुरं हवं. सड्यावर वणवा फेब्रुवारीपासून पेटतो. बागेभोवती तीन-चार मीटर पट्टा गवत काढून साफ ठेवा आणि हे काम जानेवारीतच उरका. तीन उन्हाळे आठवड्याला पाणी द्या. बुंध्याशी छिद्र पाडलेलं मडकं पुरून त्यात वात घातली तर थोड्या पाण्यात काम होतं. वर गवताचं किंवा पाल्याचं आच्छादन, खोडापासून थोडं दूर. शेणखत पहिल्या वर्षी एक-दोन घमेली आणि दरवर्षी एकेक वाढवत जा.

सगळ्यांत महत्त्वाचं काम दोन मिनिटांचं आहे: सांध्याखाली आलेले फुटवे दर महिन्याला खुडून टाका. कलमाची काडी मेली आणि खालचा रायवळ जोराने वाढला तर झाड डौलदार दिसतं, पाटी तशीच राहते, पण ते वेगळंच झाड असतं. सांधा शाबूत आहे का हे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक झाडाला हात लावून बघा. काडी मेलेली आढळली तर लपवू नका, घरच्यांना सांगा आणि ठेवणीतलं कलम लावा.

खोडाशी भुसा दिसला की भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागली समजा. भोकात तार घालून अळी काढा, कीटकनाशकाचा बोळा घाला, माती लिंपा. तुडतुडे, भुरी यांचा बंदोबस्त कृषी सहायकाला विचारून करा. फळ लवकर आणि जास्त यावं म्हणून कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन) घालायचा मोह मात्र या बागेत नको. इथे झाड आपल्या स्वभावाने कसं वागतं हेच नोंदवायचं आहे.

पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तर खुडा. घरच्यांना वाईट वाटतं, पण झाडाचा बांधा त्याच वर्षांत तयार होतो.

फळ धरल्यावर

पाचव्या-सहाव्या वर्षी फळ ठेवलंत की ते जुन्या नोंदीशी ताडून बघा. आढी, वजन, उभा काप, कोय, फोटो सगळं पुन्हा करा आणि घरातल्या ज्या माणसाने मूळ झाडाचा आंबा खाल्लाय त्याला चाखायला द्या. त्याने "हाच तो" म्हटलं की वहीत सही आणि तारीख घ्या. ही सही पडल्याशिवाय त्या झाडाच्या काड्या पुढे कोणाला देऊ नका.

फळांच्या वाट्याचा नियम आधी लिहून ठेवलेला बरा. घरच्यांना आपल्या झाडाच्या फळांचा पहिला वाटा, उरलेली शाळेतल्या मुलांना आणि मे महिन्यातल्या एका सामुदायिक आंबे-जेवणाला, त्याहून उरली तर लोणचं किंवा साठ करून विक्री आणि पैसा राखणीच्या खात्यात, हा क्रम बहुतेकांना पटतो.

दोन सरकारी कामं इथे करून घ्या. जैविक विविधता कायदा 2002 नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमच्या झाडांच्या नोंदी तिच्यात चढवा, मूळ झाडांसकट. याच कायद्याखाली जागेला वारसा स्थळाचा दर्जाही मिळतो, पुण्याच्या गणेशखिंड बागेला तो 2020 मध्ये मिळाला. दुसरं, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001. त्याखाली शेतकऱ्यांचं पारंपरिक वाण त्यांच्या किंवा समुदायाच्या नावाने नोंदवता येतं आणि शेतकरी वाणाच्या नोंदणीला शुल्क नाही. झाडांना 18 वर्षांपर्यंत संरक्षण असतं. अर्जात फळाची मोजमापं, झाडाचं वर्णन आणि वेगळेपण विचारतात. मे महिन्यात केलेली वही तुमच्याजवळ असेल तर अर्ध्याहून जास्त अर्ज आधीच भरलेला असतो. बाकीच्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीला जा. एखादं वाण सरस निघालं तर उद्या दुसरं कोणी त्याला आपलं नाव देण्याआधी ते गावाच्या नावावर असलेलं बरं.

शेजारच्या गावातून कोणी काडी मागायला आलं तर द्या, सोबत झाडाच्या नोंदीची प्रत द्या, आणि बदल्यात त्यांच्या एका जुन्या झाडाची काडी नोंदीसकट मागून घ्या.